पन्हाळा-विशाळगडची वाट आणि सातवीतला प्रश्न

सातवीच्या वर्गात पन्हाळ्याच्या वेढ्याचा पाठ चालला होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची. पुस्तक उर्दूतले, पण इतिहास महाराष्ट्रातल्या सगळ्या मुलांचा. सिद्दी जौहरचे नाव आले आणि मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, अपने लोग किस तरफ थे?" वर्ग शांत झाला. चाळीस डोकी आमच्याकडे पाहू लागली.

त्या दिवशी आम्ही घंटा होईपर्यंत वेळ काढला. बी.एड.ला पाठाचे टाचण काढायला शिकवले होते, पण या प्रश्नाचे टाचण कुठल्याच पुस्तकात नव्हते. 'अपने' या एका शब्दात त्या मुलाने आपल्या समाजाचे सारे दुखणे सांगून टाकले होते. त्याचा दोष नाही. गल्लीत, मोबाईलवर, निवडणुकीच्या सभेत तो हेच ऐकतो की तेव्हा दोन बाजू होत्या आणि तुझी बाजू जन्मानेच ठरलेली आहे.

म्हणून पावसाळ्यात आम्ही तिघा शिक्षकांनी रजा जोडून ती वाट पायी चालायचे ठरवले. दरवर्षी जुलै महिन्यात राज्यभरातून तरुणांचे जथे पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत जातात. घरून निघताना आम्हाला एकच गोष्ट बजावली गेली, "कुणाशी वाद घालू नका." इतिहासाच्या वाटेवर निघालेल्या मास्तरांना ही ताकीद द्यावी लागते, यातच आजच्या काळाचे वर्णन आले.

आधी त्या रात्रीची हकिकत. नोव्हेंबर १६५९ मध्ये अफजलखानाच्या मृत्यूनंतर अवघ्या काही दिवसांत शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाने कर्नूलच्या सिद्दी जौहरला 'सलाबतखान' असा किताब देऊन त्यांच्यावर पाठवले. मार्च १६६० पासून गडाला वेढा पडला. जौहर हा हबशी सरदार मोठा चिकाटीचा. पावसाळ्यात वेढा सैल पडेल हा अंदाज त्याने खोटा ठरवला. राजापूरच्या वखारीतला इंग्रज हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीला आला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर चालून जाऊन त्याला व त्याच्या साथीदारांना कैद केले, ते याच कारणाने.

चार महिन्यांनंतर १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज निवडक माणसांनिशी भर पावसात गडाबाहेर पडले. परंपरा सांगते की शिवा काशीद नावाचा नाभिक महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसला आणि पकडला जाऊन मारला गेला. जौहरचा जावई सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. विशाळगडाअलीकडच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे बांदलांच्या मावळ्यांसह थांबले, महाराज गडावर पोचेपर्यंत लढले आणि तिथेच पडले. त्या दिवसापासून ती पावनखिंड झाली.

एवढे सगळ्यांनाच ठाऊक असते. पण चालता चालता आम्ही बाकीची नावे आठवू लागलो. वेढा बाहेरून फोडण्याचा प्रयत्न नेताजी पालकरांनी केला, तेव्हा त्यांच्या बरोबर सिद्दी हिलाल होता. महाराजांच्या बाजूने लढणारा हबशी. त्याचा तरुण मुलगा वाहवाह या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग आला आहे. इकडे विशाळगडाच्या पायथ्याशी आदिलशहाच्या वतीने मोर्चे लावून बसले होते सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी. म्हणजे मागून धावणारा सिद्दी, पुढून अडवणारे सुर्वे-दळवी आणि वेढ्यावर धडकलेला पुन्हा एक सिद्दी. स्वतः बाजीप्रभूसुद्धा आधी ज्या बांदलांच्या पदरी होते, ते बांदल काही वर्षांपूर्वी महाराजांच्या विरोधात उभे राहिले होते.

पन्हाळ्याच्या राजदिंडीतून उतरून वाट मसाईच्या पठारावर चढते. जांभ्या दगडाचा मैलोन्‌मैल पसरलेला सडा, वर धुके, बाजूने येणारा पाऊस. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. आमच्या छत्र्या पहिल्या तासातच उलट्या झाल्या. पुढे खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी, पांढरपाणी अशा वाड्या लागतात. कुठे गुडघाभर चिखल, कुठे दाट रान, कुठे पाण्याने भरलेली भाताची खाचरे. सुमारे ५० किलोमीटरची ही वाट आम्ही दोन दिवसांत चाललो आणि आमच्या पायांची चाळण झाली. त्या माणसांनी ती अंधारात, पालखी खांद्यावर घेऊन, एका रात्रीत आणि पुढच्या दिवसात कापली. पुस्तकातल्या दोन ओळींचे वजन पायांना कळते.

एका वाडीत पडवीत टेकलो. घरच्या मावशींनी चहा दिला. नावे विचारली, आम्ही सांगितली. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "पाय धुवून घ्या की, जळवा लागल्या असतील." खरोखरच लागल्या होत्या. त्यांनी मीठ आणून दिले. घरून मिळालेली ताकीद आम्हाला त्या क्षणी जरा लाजिरवाणी वाटली.

या डोंगरांनी ही एकच फौज पाहिलेली नाही. विशाळगडाचे जुने नाव खेळणा. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार खलफ हसन बसरी मोठी फौज घेऊन याच मुलखात आला. शिर्क्यांनी वाट दाखवण्याचे कबूल केले आणि त्याला दाट जंगलात नेऊन घात केला. आपण ही गोष्ट 'त्यांनी आपल्याला मारले' अशी वाचतो आणि थांबतो. फरिश्त्याने पुढचेही लिहून ठेवले आहे. बचावलेले परदेशी सैनिक कसेबसे चाकणला पोचले. बहमनी दरबारात दखनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि बाहेरून आलेले, असा वैरभाव होता. दखनी अमीरांनी सुलतानाचे कान भरले आणि चाकणला त्यांची कत्तल झाली. मारणारे कलमा पढणारे, मरणारेही कलमा पढणारे. आता त्या मुलाला काय सांगावे, 'अपने' कोण?

पुढे १७०२ मध्ये खुद्द औरंगजेब खेळण्यासमोर उभा राहिला. गड परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी लढवत होते आणि बादशहाच्या बाजूने तटावर चढणाऱ्यांत अंबरचा तरुण राजा जयसिंग होता. जूनमध्ये रक्कम देऊन वाटाघाटीने गड ताब्यात आला आणि बादशहाने त्याचे नाव 'सख्खरलना' ठेवले. पण परतताना पावसाने गाठले. ओढ्यांना पूर आला, हत्ती-बैल चिखलात रुतले, तंबू-सामान वाहून गेले. पन्हाळ्यापर्यंतचे तीसेक मैल कापायला शाही फौजेला महिन्याहून अधिक काळ लागला. महाराज एका रात्रीत ज्या मुलखातून निसटले, त्याच मुलखाने आलमगीराची फौज अडवून धरली. पावसाने कुणाचा धर्म विचारला नाही. ज्यांना वाटाड्ये, वाड्या आणि ओढे माहीत होते, त्यांची सरशी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीत उतरलो. कातळाच्या भिंती, मधून खळाळणारे पाणी. मुले घोषणा देत होती. आम्ही एका बाजूला उभे राहून मनात फातेहा पढलो. बाजीप्रभूंसाठी, शिवा काशीदसाठी, वाहवाहसाठी आणि मसूदच्या त्या सैनिकांसाठीही, ज्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

खिंडीच्या पुढे गजापूर. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरच्या अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी इथल्या मुसलमानवाडीतली घरे आणि मशीद फोडण्यात आली. पावनखिंडीच्या स्मरणदिनाच्या दुसऱ्याच दिवशी. गडावर मलिक रेहानचा दर्गा आहे आणि त्याला नवस बोलणाऱ्यांत सगळ्या जातीधर्मांची माणसे असत आली आहेत. त्या वाडीजवळून जाताना आम्ही कुणाला काही विचारले नाही. दुःखाची चौकशी करायला आलेला माणूस आणि तमासगीर यांत फार अंतर नसते. पण एक कळले. सातवीतल्या मुलाने विचारलेला प्रश्नच त्या दिवशी हातात काठी घेऊन इथे आला होता. त्या जमावालाही वाटत होते की आपल्या वाट्याला इतिहासातली एक बाजू आली आहे आणि या वाडीच्या वाट्याला दुसरी.

इथे आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. आपल्यातले काही जण महाराजांच्या पदरी असलेल्या मुसलमानांची यादी तोंडपाठ करतात, जणू ती नागरिकत्वाची पावती आहे. काही जण उलट बादशहांच्या पराक्रमात आपला अभिमान शोधतात. दोन्ही वाटा त्याच प्रश्नाकडे जातात. सिद्दी जौहर मुसलमान म्हणून लढला नाही, आदिलशाहीचा सरदार म्हणून लढला. चार महिने पावसात राबूनही पुढे दरबारात त्याच्याच निष्ठेवर संशय घेतला गेला. सिद्दी हिलालही आपल्याला दाखला मिळावा म्हणून लढला नाही. दोघांनीही खाल्ल्या मिठाला जागण्याचा प्रयत्न केला. आपण त्यांना आज मतांच्या यादीसारखे मोजू नये.

शाळेत परतल्यावर आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले आणि दोन्हीकडची नावे लिहिली. मुले वाचत गेली. जौहर, मसूद, सुर्वे, दळवी, रेव्हिंग्टन. नेताजी, बाजीप्रभू, शिवा काशीद, हिलाल, वाहवाह. मागच्या बाकावरचा तो मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, उस वाहवाह का फिर क्या हुआ? उसके अब्बा को मिला?"

आम्ही सांगितले, तो पकडला गेला, त्या दिवशी बापाला त्याला सोडवता आले नाही. मुलगा गप्प झाला. या वेळी त्याने बाजू विचारली नव्हती. त्याला एका बापाची आणि लेकाची काळजी वाटली होती. इतिहासाच्या शिक्षकाला याहून जास्त काय हवे? वाचकहो, आपली मुले हा प्रश्न कधी ना कधी विचारणारच आहेत. तेव्हा घंटेची वाट पाहू नका. जमले तर एका पावसाळ्यात त्यांना घेऊन त्या वाटेने चाला.