देवळालीचे गणिताचे मास्तर

दिवाळीला माहेरी गेलो की जुन्या वर्गातल्या मैत्रिणी भेटतात. गप्पा शाळेवर येतात आणि गणिताच्या सरांची आठवण हटकून निघते. कुणाला त्यांची छडी आठवते, कुणाला चुकलेलं गणित पुन्हा पुन्हा समजावून सांगणारा त्यांचा आवाज. बाकीचे मास्तर एक वेळ विसरले जातील, गणिताचे विसरत नाहीत. त्यांनी एकतर आपल्याला धीर दिलेला असतो, नाहीतर जन्माची भीती घातलेली असते.

आज अशाच एका धीर देणाऱ्या मास्तरांची गोष्ट सांगते. ते आपल्या वऱ्हाडातले नव्हते, पण आपल्याच रेल्वेच्या वाटेवरचे होते. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला करत मुंबईला जाणारी गाडी नाशिकरोड सोडलं की देवळाली स्टेशनावरून जाते. त्या देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं एका मास्तरांनी शाळेत शिकवलं. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद होता, म्हणून घरात आकडेमोड चालायची. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढची मोठी पदवी त्यांनी घेतली नाही. हाताशी होतं ते कागद, पेन्सिल आणि शाळेतली पोरं.

पण आकड्यांचं वेड असं, की गाडीची वाट पाहतानाही डोकं चालूच. डोंबिवली स्टेशनावर त्यांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या. ११ ला ११ नं गुणा, येतात १२१. १११ ला १११ नं गुणा, येतात १२३२१. आकडे जिन्यासारखे चढतात आणि तसेच उतरतात. अशा संख्यांना त्यांनी डोंबिवलीवरूनच ‘डेम्लो’ नाव दिलं. दुसऱ्या काही संख्यांना नाव दिलं ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी. १८ घ्या. एक आणि आठ मिळून नऊ, आणि नऊनं अठराला पूर्ण भाग जातो. झाली हर्षद संख्या! या मास्तरांनाही लोक ‘गणितानंद’ म्हणत.

त्यांचा सगळ्यात मोठा शोध १९४९ चा. वही-पेन्सिल घ्या, आपण आत्ताच करून पाहू. कोणतेही चार आकडे लिहा, फक्त चारही सारखे नकोत. समजा ३, ५, २, ४. मोठ्यापासून लहानाकडे मांडा: ५४३२. मग उलटे मांडा: २३४५. वजा करा. उरले ३०८७. आता या आकड्यांचं तसंच करा. ८७३० मधून ०३७८ गेले, उरले ८३५२. पुन्हा एकदा. ८५३२ मधून २३५८ गेले, उरले ६१७४. आता ६१७४ चं करा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४च! कोणत्याही चार आकड्यांनी सुरुवात करा, फार तर सात वजाबाक्यांत याच घरी यावं लागतं. मध्ये शून्य आलं तर ते सोडायचं नाही, एवढंच. आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

पण मान लगेच मिळाला नाही. शाळामास्तर काय नवीन शोधणार, म्हणून आपल्याच देशातल्या पुष्कळ विद्वानांनी तिकडे लक्ष दिलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकानं त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. तोवर मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. पेन्शन पुरत नव्हती, म्हणून ते शिकवण्या घेत. १९८६ साली ते गेले. शाळेत त्यांच्या हाताखाली शिकलेली अगदी शेवटची पोरंसुद्धा आता म्हातारी झाली. पण ६१७४ करून पाहणारं प्रत्येक लेकरू त्यांचंच विद्यार्थी, असं मला वाटतं.

आता आपल्याकडे या. आपल्या आज्या पाटीवर कधी बसल्या नाहीत, तरी कापूस वेचून आल्या की किलोमागं मजुरी किती झाली हे काट्याजवळ उभ्या उभ्या सांगायच्या. हिशेब आपल्या रक्तात आहे. मग बचत गटाची वही उघडली, व्याजाचा रकाना आला, की आपण ती पोराच्या हाती का देतो? आणि लेक गणितात अडली की घरातलं कुणीतरी म्हणतं, “पोरीच्या जातीले गणित कायले पाह्यजे?” आपण गप्प बसतो. भीतीची सुरुवात तिथूनच होते. ज्याला हिशेब येत नाही त्याला काट्यावरही फसवतात आणि कर्जाच्या कागदावरही.

तेव्हा आज दिवेलागणीला एवढंच करा. लेकीला, सुनेला, नातीला जवळ बसवा आणि चार आकडे लिहायला सांगा. ६१७४ आलं नाही, तर वजाबाकी कुठंतरी चुकली असं समजा. रागवू नका. पुन्हा मांडा. उद्या ती मोठी होऊन मैत्रिणींत बसेल, तेव्हा गणित कुणी शिकवलं म्हटल्यावर तिला तुमची आठवण येऊ द्या.