पांढरी पाच आणि भुंगा

लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नसे. ज्याच्या आडनावाची पाटी लाखो गिटारींच्या डोक्यावर असते त्याला एक साधं गाणं वाजवता येऊ नये, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं (मलाही येत नाही :) ). हा माणूस शिक्षणाने हिशेबनीस. १९३८ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आपल्याकडे तालुक्याच्या बाजारपेठेत पूर्वी असायचं ना, उघडे पडलेले रेडिओ, सोल्डरचा वास आणि फळीवर रांगेने व्हॉल्व्ह, तसलंच. वादक मंडळी बिघडलेले अँप्लिफायर घेऊन यायची, तक्रारी सांगायची आणि हा ऐकून घ्यायचा.

त्यातली एक तक्रार होती डबल बासची. ते धूड माणसापेक्षा उंच, गाडीत मावत नाही, आणि विजेची गिटार आणि ड्रम सुरू झाले की ऐकूच येत नाही. शिवाय त्याला पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर सरकलं की सूर गेला. सिएटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकातच गिटारीसारखा आडवा धरायचा, पडदे असलेला विजेचा बास बनवून विकायला काढला होता, पण तो चालला नाही. चालला तो फेंडरचा १९५१ चा 'प्रिसिजन बास'. नावातलं प्रिसिजन म्हणजे त्या पडद्यांमुळे येणारा नेमका सूर, बाकी काही नाही.

आतमध्ये काय होतं? केसाएवढ्या तांब्याच्या तारेची हजारो वेढ्यांची एक कॉइल, तिच्यात चुंबकं, दोन पोटेन्शिओमीटर, एक कपॅसिटर, एक जॅक. कॉइल सोडली तर सगळं रेडिओच्या दुकानातलं सामान. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'स्वस्तातला बास' म्हटलं की लोक नाक मुरडतात. अहो, हे वाद्य जन्मलंच रेडिओवाल्याच्या टेबलावर.

पण या कॉइलची एक खोड होती, ती म्हणजे तिला भेदभाव कळत नाही. वरची लोखंडी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते (फॅरडे, १८३१, दहावीचं पुस्तक). पण भिंतीतल्या वायरी, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक यांचंही क्षेत्र हलतच असतं. कॉइल तेही इमानदारीत उचलते. यालाच हम म्हणतात. मोहर्लीत एका मुलाने त्याला 'भुंगा' म्हटलं, आणि आता मला दुसरा शब्द सुचत नाही.

अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. हार्मोनियमच्या भाषेत तिथला भुंगा खालच्या सप्तकात काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी बसतो. आपली वीज ५० हर्ट्झची. बासच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं की जो सूर येतो, आपली पांढरी पाच, तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे भारतातला भुंगा पांढरी पाचपेक्षा किंचित चढा, त्या सुराला जवळजवळ चिकटलेला. तिथे बोट ठेवून तार छेडली की सूर आणि भुंगा एकमेकांत मिसळून हेलकावे खातात. गाणं त्याच पट्टीत असेल तर बघायलाच नको.

आता मोहर्ली. ताडोब्याचं हे दार चंद्रपूरहून तीसेक किलोमीटरवर आहे. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतं, तेव्हा तिथे निवांतपणा असतो. समोर इरई धरणाचं पाणी पसरलेलं. हे धरण बांधलं ते चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला पाणी मिळावं म्हणून. केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, आज क्षमता २९२० मेगावॉट आहे. तिथली टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला बरोबर ५०. मोहर्लीच्या होमस्टेमधल्या प्लगला अँप्लिफायर लावला की हेडफोनमध्ये जे घोंगावतं, त्याचा ताल असा त्या काठापासून फार लांब नसलेल्या चाकावर ठरतो. जिप्सीतून वाघ शोधताना हे कोणी सांगत नाही. असो.

आमच्या यजमानांचा भाचा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बास वाजवतो. नागपुरात साडेसहा हजारांना घेतलेला सेकंडहँड चार तारांचा बास, जॅझ बासची नक्कल, कंपनीचं नाव खरवडलेलं. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळी ते होळीच्या सुमारास गावोगाव रात्रभर नाटकं होतात, मंडळ्यांचा मुख्य अड्डा वडसा म्हणजे देसाईगंज. मुळं दंडारीसारख्या लोककलेत. हा सगळा खेळ तिकिटावर चालतो, सरकारी अनुदानावर नव्हे. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या पेपरांना ही रंगभूमी आहे हे दोन दिवस आठवलं होतं. नाटकात गाणी भरपूर, वादक समोर बसलेले. पूर्वी ऑर्गन-तबला, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही.

या पोराला एका मंडळीने मागच्या हंगामात चार प्रयोग दिले. चौथ्या प्रयोगात साऊंडवाल्याने त्याची लाइनच बंद केली. मांडवाला वीज जनरेटरची, वर दिव्यांचे डिमर, आणि बासमधून नुसता भुंगा. यंदा मालकांनी निरोप धाडला होता की तळाचा सूर कीबोर्डवाला डाव्या हाताने देईल, तू नवा बास घेतलास तर ये. नवा म्हणजे पंचवीस-तीस हजार. "दादा, सुरापेक्षा भुंगाच जास्त येते," एवढं बोलून त्याने तो माझ्या हातात दिला.

उघडण्याआधी इतिहासाचा राहिलेला भाग सांगतो, कारण उपाय तिथेच आहे. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाचा इंजिनियर होता. १९५५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, मिळालं १९५९ ला. कल्पना इतकी सोपी की राग यावा. एकाऐवजी दोन कॉइल घ्यायच्या. दुसरीची दिशा उलटी करायची, आणि तिचं चुंबकही उलटं करायचं. तारेचा आवाज कॉइलची दिशा आणि चुंबकाची दिशा या दोन्हींवर ठरतो, त्यामुळे दोनदा उलटा होऊन सुलटा येतो. भुंग्याला चुंबकाशी देणंघेणं नाही. तो फक्त कॉइलच्या दिशेवर ठरतो, म्हणून एकदाच उलटा होतो. बेरीज केली की सूर दुप्पट आणि भुंगा शून्य. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, सातवीचं गणित! मी रोज हजारो ओळींचा कोड बघतो, इतकं स्वच्छ काही क्वचित दिसतं.

फेंडरने १९५७ साली प्रिसिजन बासचा पिकअप दोन तुकड्यांत चिरला, दोन तारांना एक तुकडा, आणि दोन्हींना हीच युक्ती लावली. १९६० चा जॅझ बास आला तेव्हा त्यात दोन वेगवेगळे पिकअप होते, एक पुढे, एक मागे. तेही एकमेकांच्या उलटे. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की भुंगा गायब, एक कमी केला की परत हजर. ही खोड आजही त्या बासमध्ये आहे आणि लोक तिच्यासह त्याच्यावर प्रेम करतात.

नक्कल करणारे आकार उतरवतात, रंग उतरवतात, बटणांची जागाही उतरवतात. पण कित्येकदा डोळ्यांना न दिसणारी गोष्ट सोडून देतात. या बासमध्ये नेमकं तेच झालं होतं. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले तरी भुंगा तसाच, उलट वाढलेला. दोन्ही पिकअप बाहेर काढून तोंडाला तोंड लावून धरले तर एकमेकांना ढकलायला लागले, म्हणजे ध्रुव सारखेच. कारखान्यात एकाच साच्याचे दोन पिकअप बसवून मोकळे झाले होते. पैसेही वाचवले म्हणता येणार नाहीत, कारण उलटं बसवायला जास्त काही लागत नाही!

महागड्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली अल्निकोच्या चुंबकाच्या कांड्या असतात आणि कॉइल त्यांच्याभोवतीच गुंडाळलेली, तिथे ही दुरुस्ती करणं अवघड. स्वस्त पिकअपमध्ये मात्र लोखंडी कांड्या आणि खाली चिकटवलेली फेराइटची एक पट्टी असते. हा स्वस्तपणा आमच्या पथ्यावर पडला. हेअर ड्रायरने मेण मऊ केलं, पट्टी सोडवली (हळू, फेराइट चिनीमातीसारखं ठिसूळ असतं), पालथी करून परत बसवली आणि त्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करून डागल्या. खर्च शून्य. सेथ लव्हरची युक्ती मोहर्लीच्या ओसरीवर, सत्तर वर्षांनी.

तेवढ्याने निम्मं काम झालं. भुंगा दोन प्रकारचा असतो. वरचा चुंबकीय, आणि दुसरा विजेच्या क्षेत्राचा, जो आतल्या उघड्या वायरी अँटेनासारख्या पकडतात. तारांना हात लावला की आवाज कमी आणि सोडला की वाढतो, तो हा दुसरा. त्याला औषध म्हणजे आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडणं. ती पट्टी आणि पोटेन्शिओमीटर मी पुण्याहून, पासोड्या विठोबाच्या गल्लीतून नेले होते, सगळे मिळून साडेसातशे रुपये. आधीच्या पोटेन्शिओमीटरवर 'बी ५००' लिहिलेलं. बी म्हणजे सरळ रेषेत वाढणारा. आपला कान तसा ऐकत नाही, तो लॉगरिदमने ऐकतो. त्यामुळे बी लावला की बटण थोडं फिरवताच आवाज जवळजवळ पूर्ण येतो आणि उरलेल्या फेऱ्यात काहीच घडत नाही. तिथे 'ए २५०' लावले, फेंडर वापरायचा तेवढ्याच किमतीचे. आता मांडवात बसून बोटाने आवाज सावकाश उतरवता येतो.

बास असा पहिला बळी का जातो, याचा विचार करताना मुंबई आठवते. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये बास आला तो मोठ्या प्रमाणात गोव्याच्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती वादकांच्या हातांनी. राहुलदेव बर्मन यांच्याकडे वाजवणारे टोनी वाझ यांचं नाव आज निदान जाणकारांना ठाऊक आहे, पण रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं सहसा नसतच. ग्रेगरी बूथ यांनी मुलाखती घेऊन २००८ साली या वादकांवर पुस्तक काढलं तोवर त्यातले बरेच जण म्हातारे झाले होते. बास वाजत असतो तेव्हा लक्षात येत नाही, थांबला की गाणं पोकळ वाटतं. काय कमी झालं ते मात्र ऐकणाऱ्याला सांगता येत नाही.

आणि डावा हात काही आजचा नाही. १९८१-८२ च्या सुमारास जपानच्या रोलंड कंपनीने टीबी-३०३ नावाचं छोटं यंत्र काढलं, बासवाल्याऐवजी लावायला. आवाज बासच्या जवळपासही जाणारा नव्हता. १९८४ साली उत्पादन बंद, उरलेली यंत्रं स्वस्तात गेली. मुंबईच्या स्टुडिओंत वर्षानुवर्षं वाजवलेल्या चरणजित सिंग यांनी मात्र १९८२ साली याच यंत्रावर रागांची अख्खी रेकॉर्ड केली, डिस्कोच्या ठेक्यावर. कोणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या पोरांनी तेच स्वस्तात पडलेलं यंत्र पिळून अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार काढला, आणि २०१० साली सिंग यांची रेकॉर्ड परत निघाली तेव्हा लोक चाट पडले. २०१५ मध्ये ते मुंबईतच गेले. थोडं विषयांतर झालं, पण टाकून दिलेल्या वस्तूचं काय होईल हे विकणाऱ्याला कधीच कळत नाही, एवढं मला म्हणायचं होतं.

निघायच्या दिवशी पोराने विचारलं, "दादा, अ‍ॅक्टिव्ह सर्किट टाकायचं का यात?" हे त्याने यूट्यूबवर पाहिलेलं. बासमध्येच छोटा अँप्लिफायर बसवायची कल्पना कॅलिफोर्नियातल्या अलेम्बिकने १९७० च्या आसपास सुरू केली आणि १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेने ती दुकानात आणली. ती कंपनीही पुन्हा लिओ फेंडरचीच, आधीची त्याने १९६५ साली विकून टाकली होती. लांब वायर असली तरी आवाज दबत नाही, खर्ज आणि तार वेगळे वाढवता येतात, सगळं खरं. पण त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते आणि ती संपली की बास मुका. नाटक पहाटे चारला संपतं. कुरखेड्याच्या पुढच्या एखाद्या गावात रात्री दोन वाजता नऊ व्होल्टची बॅटरी कुठे मिळेल, असं मी विचारल्यावर तो हसला. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेव, फरक टोनच्या बटणाने कर, आणि तालमीला साऊंडवाल्याच्या शेजारी बसून त्याला आधी भुंगा नसलेली लाइन ऐकव, एवढं सांगून निघालो. तालीम दसऱ्यानंतर वडशाला आहे.