मळवलीचा छापखाना आणि घरची कात्री

राजा रविवर्म्याच्या जुन्या छापील चित्रांच्या खालच्या समासात बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते आणि अनेकदा त्यासोबत 'कार्ला-लोणावळा' हा पत्ता. कार्ले म्हटले की अभ्यासकाला चैत्यगृह आठवते, भाविकाला एकवीरा. छापखाना सहसा कोणाला आठवत नाही. मराठी घरांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या विराजमान झालेल्या लक्ष्मी-सरस्वतींपैकी कितीतरी मात्र याच परिसरातून, मळवलीहून बाहेर पडल्या.

चित्रांच्या रंगीत प्रती काढाव्यात, ही सूचना तंजावरच्या मराठी कुळातील मुत्सद्दी सर टी. माधवराव यांनी रविवर्म्याला केली होती. १८९४ साली गिरगावात छापखाना उभा राहिला आणि 'शकुंतलाजन्म' हे पहिले चित्र निघाले. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही तिकडचेच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि त्या शतकाच्या अखेरीस छापखाना मळवलीला हलला. पुढे कर्जाच्या ओझ्याने रविवर्म्याने तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. दादासाहेब फाळक्यांनी काही काळ या छापखान्यासाठी काम केल्यामुळे चित्रपटाच्या इतिहासकारांनाही तो ठाऊक आहे. १९७२ साली आगीत त्याचा अंत झाला.

इतिहास बहुधा येथे थांबतो. माझ्या मते तो येथे थांबू नये, कारण चित्र छापखान्यातून बाहेर पडताना पुरे झालेले नसे. घरी आल्यावर कोणी लक्ष्मीच्या लुगड्यावर खऱ्या कापडाचा तुकडा कातरून चिकटवी, काठाला जर लावी, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवी. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहक मोठ्या हौसेने जमवतात. एका शिळेवरून हजारो प्रती निघाल्या तरी जरीची लक्ष्मी ज्या घरची, त्या घरचीच.

यांत्रिक प्रतींमुळे मूळ कलाकृतीचे वलय लोपते, हा वॉल्टर बेंजामिनचा १९३६ मधील सिद्धान्त आपण वर्गात शिकवतो. आनंद कुमारस्वामींनी रविवर्म्याच्या चित्रांना नाटकी ठरवले, तेही शिकवतो. दोघांच्या विवेचनात चित्र विकत घेणारा केवळ पाहणारा आहे. त्याच्या, किंबहुना तिच्या, हातात कात्री असू शकते हे गृहीतच धरलेले नाही. वाचक संहिता पूर्ण करतो असे मानणाऱ्या समीक्षेने या कात्रीची दखल घ्यायला हवी होती.

आज ही कात्री यंत्राला जोडली गेली आहे. दैनंदिनीत, म्हणजे हल्लीच्या 'प्लॅनर'मध्ये, लावायचे स्टिकर घरीच छापून घरगुती कटिंग मशीनवर कापणारी मंडळी आपल्या आसपास आहेत. यंत्राचे पाते वरचा चिकट कागद कापते आणि खालचा आधाराचा कागद शाबूत ठेवते. त्यासाठी छापताना कागदाच्या कडांना काळ्या खुणा उमटवतात. यंत्र त्या खुणा टिपून पाते कोठे फिरवायचे ते ठरवते. शिळाछापाच्या कारागिराला ही युक्ती नवी वाटली नसती. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड, आणि प्रत्येक रंग नेमका आपल्या जागी पडावा म्हणून समासात खुणा. त्या चुकल्या की देवीचे ओठ गालावर. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून रंगीत छापाच्या, आधीच कापलेल्या आणि बारीक पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या चित्रांचे तक्ते जगभर जात. मुले ती चित्रे सुटी करून वह्यांत चिकटवत. स्टिकरच्या तक्त्याची वंशावळ तेथे पोहोचते.

आपल्याकडे हे काम पूर्वी पेनाने होई. १९७३ पासून निघणाऱ्या 'कालनिर्णय'च्या चौकटीत दूधवाला न आल्याची फुली, सिलिंडर लावल्याची तारीख, कोणाचे बारसे. आयत्या परदेशी तक्त्यांत कॉफीचा पेला असतो, संकष्टी नसते. भिशी नसते, पितृपक्ष नसतो. ज्याला ते हवे त्याने स्वतःच काढावे लागते.

मात्र चित्र आपले असले तरी यंत्राची किल्ली कोणाकडे असते? क्रिकट या कंपनीची सुरुवातीची यंत्रे २००६ च्या सुमारास आली तेव्हा आकृत्या कंपनीच्या काडतुसांत मिळत. पुढे स्वतःची आकृती कापण्याची सोय झाली. २०२१ च्या मार्चमध्ये तिने वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला वीसच आकृत्या चढवता येतील असा निर्णय जाहीर केला. ग्राहक संतापले आणि काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. जरीच्या लक्ष्मीवर असा निर्बंध कोणी घातला नव्हता. कात्री, गोंद आणि जुन्या लुगड्याचा पदर एवढे पुरे होते.

त्या चित्रांच्या समासात छापखान्याचा पत्ता आजही वाचता येतो. जर लावणारीचे नाव मात्र सहसा कोठेही नाही.