गोठ्यामागची जीप विंटेज का नाही?

मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला. हिवरा आश्रमजवळ एका गोठ्यामागे उभी असलेली विलीज जीप. बोनेट गंजलेलं, मागची बॉडी वाढवून समोरासमोर बाकं ठोकलेली, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं. खाली लगेच प्रश्न आला, "ही विंटेज होते का रे?"

नाही होत. आणि का नाही होत, हे कळायला आधी रस्त्याची गोष्ट ऐकावी लागते.

आपल्या चिखली-मेहकर पट्ट्यात आजही रेल्वे नाही. १८७० मध्ये घाटाखाली खामगावला रेल्वेचा फाटा आला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता, कारण इंग्रजांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. पण घाटावरचा माल स्टेशनपर्यंत न्यायचा कसा? बैलगाडीने.

तेव्हाचा पक्का रस्ता म्हणजे खडी, वर मुरूम, पाणी मारायचं आणि रोलर फिरवायचा. डांबर नाही. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ही खडी भरडायची. पण गाडीच हळू, त्यामुळे भुकटी जागेवर राहायची आणि पाऊस पडला की फटींमध्ये घट्ट बसायची. मग मोटार आली. रबरी टायर वेगात फिरला की तीच भुकटी धुरळा होऊन उडते, खाली सुटी खडी उरते. म्हणजे बघा, मोटारीने आल्या आल्या स्वतःचाच रस्ता खाऊन टाकला!

हे सगळ्या देशात चाललं होतं. शेवटी १९२७ मध्ये सरकारने समिती नेमली. अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, तेच जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. (पंपावर आपण जे कुरकुरतो, ते इतकं जुनं दुखणं आहे.) मग १९४३ मध्ये नागपुरात मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि गाव अशी रस्त्यांची उतरंड तिथे ठरली.

गावचा रस्ता त्या उतरंडीत सगळ्यात खाली. आणि आपल्याकडे गावचा रस्ता म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात नुसता चिखल. तिथे कामाला आली ती जीप, चारही चाकांना ताकद देणारी. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली होती. एक गंमत सांगतो. १९५५ साली बुलढाण्यात नोंदलेली जीप ही मध्य प्रदेशची गाडी! १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला जिल्हा त्याच राज्यात होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नासपेक्षा जास्त वर्षं झालेली हवीत, नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवायची नाही. आणि मुख्य अट म्हणजे चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार झालेला नको.

इथेच आपली जीप अडकते. डिझेल परवडत होतं म्हणून इंजिन बदललं. माणसं जास्त बसावीत म्हणून बाकं ठोकली. चिखलातून दवाखान्यात, बाजारात, लग्नाला लोकांना तिनेच नेलं. एखाद्या संस्थानिकाची मोटार गॅरेजमध्ये पॉलिश होऊन उभी राहिली, म्हणून ती वारसा. आणि जी खऱ्या अर्थाने रस्त्यावर राबली, ती भंगार. मला हा नियम वाईट वाटत नाही, नक्कल गाड्या रोखायला तो लागतोच. पण तो आपल्या रस्त्यांचा विचार करून लिहिलेला नाही, एवढं नक्की.

मालक काकांशी फोनवर बोललो. भंगारवाला येऊन भाव सांगून गेलाय म्हणे. रविवारी आम्ही तिघं जातोय. जुनं नोंदणी पुस्तक सापडलं तर त्याचे फोटो काढू, आणि ही जीप कुठल्या कुठल्या गावाला जायची ते काकांच्याच आवाजात रेकॉर्ड करू. तुमच्या गावात अशी एखादी उभी असेल, तर पुढच्या भागाआधी कळवा.