दीडशे किलोंची मदत : हरिकेन आणि खासगी विमाने

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ‘हेलिन’ हे चौथ्या श्रेणीचे हरिकेन ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले. मात्र सर्वाधिक जीवितहानी झाली ती किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात. नद्यांना पूर आले, दरडी कोसळल्या, पिजन नदीच्या खोऱ्यातील महामार्गाचा काही भाग वाहून गेला. अनेक गावांचे रस्ते, वीज आणि दूरध्वनी एकाच वेळी बंद पडले. पुढील काही दिवस आसपासच्या लहान विमानतळांवर खासगी विमानांची रीघ लागली होती. ती चालवणारे बहुतेक हौशी वैमानिक होते.

ही परंपरा त्याआधीच आकाराला आली होती. २०१७ मध्ये ‘हार्वे’ने टेक्सासमध्ये महापूर आणला, तेव्हा तेथील खासगी वैमानिकांनी ‘ऑपरेशन एअरड्रॉप’ ही संस्था उभी केली. २०१८ मध्ये ‘फ्लोरेन्स’नंतर पाण्याने वेढलेल्या विल्मिंग्टन शहरात आणि २०१९ मध्ये ‘डोरियन’ने उद्ध्वस्त केलेल्या बहामाजच्या अबाको बेटांवरही अशीच मदत पोहोचली. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आणि दोन लाखांहून अधिक लहान-मोठी नागरी विमाने आहेत, म्हणूनच हे शक्य झाले.

तरीही या मदतीचे गणित कठोर आहे. सेसना १७२ या चार आसनी विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे १,१५७ किलो असते. त्यातून रिकाम्या विमानाचे, वैमानिकाचे आणि पूर्ण भरलेल्या टाक्यांतील इंधनाचे वजन वगळले, की सामानासाठी जेमतेम दीडशे किलो उरतात. सी-१३० हर्क्युलिस हे लष्करी विमान एका खेपेत सुमारे १९ टन माल नेते. तेवढ्यासाठी सेसनाला सव्वाशे खेपा कराव्या लागतील. मात्र सेसनाला पाचशे मीटरच्या आसपासची धावपट्टी पुरते. दीडशे किलो पिण्याचे पाणी एका वस्तीला दिवसभरही पुरणार नाही. पण तेवढ्याच वजनाचे इन्सुलिन, औषधे आणि उपग्रह-दूरध्वनी अनेक जीव वाचवू शकतात. लहान विमानाचे खरे मोल त्यात काय भरले आहे यावर ठरते.

मर्यादा ओलांडण्याचा मोहही याच ठिकाणी होतो. वजन १० टक्क्यांनी वाढले, तर उड्डाणासाठी लागणारा वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. जड विमानाला वेग घेण्यासही अधिक अंतर लागते, म्हणून धावपट्टीवरील धाव सुमारे २० टक्क्यांनी लांबते. ३१ डिसेंबर १९७२ रोजी विख्यात बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंते निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन पोर्तो रिकोहून निघाले. त्यांच्या भाड्याच्या डीसी-७ विमानात कमाल मर्यादेपेक्षा सुमारे १,९०० किलो अधिक वजन होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळले आणि पाचही जण मृत्युमुखी पडले. सद्भावनेमुळे विमानाचे वजन कमी होत नाही.

दुसरा धोका गर्दीचा. अरुंद दऱ्यांवर लष्करी हेलिकॉप्टर, खासगी विमाने आणि ड्रोन एकाच वेळी फिरू लागले, तर टक्कर होण्याची भीती असते. म्हणूनच हेलिननंतर अॅशव्हिल विमानतळावर उतरण्यासाठी पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली. काहींना हा अडथळा वाटला. परंतु कोण, केव्हा, कुठे उतरणार हे ठाऊक नसेल, तर मदतीचे विमानच नव्या अपघाताचे कारण ठरू शकते.

रस्ते खुले झाले की एकेक ट्रक कित्येक टन माल आणतो आणि लहान विमानांचे काम संपते. त्यांची खरी गरज त्याआधीच्या मोजक्या दिवसांत असते.

अटलांटिकवरील हरिकेन आणि बंगालच्या उपसागरातील तीव्र चक्रीवादळ ही भौतिकदृष्ट्या एकच घटना आहे. भारतात खासगी विमाने मोजकीच असल्याने हवाई मदतीचा भार मुख्यतः सैन्यदलांवर असतो. पण पहिल्या खेपेत काय न्यावे आणि काय मागे ठेवावे, हा प्रश्न येथेही तितकाच निकडीचा आहे.