कंदिलापासून खिशापर्यंत : प्रकाश आणि वजन यांचा जुना सौदा

१/ तळहाताएवढा प्रोजेक्टर आज सहज विकत मिळतो. तो खिशातून काढावा, भिंतीकडे रोखावा आणि चित्रपट सुरू करावा, इतके हे सोपे झाले आहे. या यंत्राचे गुण नवे वाटतात; त्याचे दोष मात्र साडेतीनशे वर्षांचे जुने आहेत. भिंतीवर प्रतिमा टाकणाऱ्या प्रत्येक यंत्रापुढे एकच पेच उभा राहिला : वजन कमी करावे, की प्रकाश वाढवावा? त्या पेचाचा हा इतिहास.

२/ डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगन्स याने १६५९ च्या सुमारास जादूचा कंदील सिद्ध केला. पेटीत दिवा, दिव्यापुढे रंगवलेली काच आणि काचेपुढे भिंग, एवढीच त्याची रचना. अठराव्या शतकात सव्हॉय प्रांतातील फिरस्ते हा कंदील पाठीवर बांधून युरोपभर गावोगाव हिंडत. यंत्र पाठीवर मावत होते, कारण आत तेलाचा मिणमिणता दिवा होता. त्यामुळे चित्र अंधुक आणि प्रेक्षक मूठभर, ही त्याची मर्यादा ठरली.

३/ यामागचे गणित सरळ आहे. चित्राची रुंदी आणि उंची दुप्पट केली, की तोच प्रकाश चौपट क्षेत्रफळावर पसरतो आणि तेज एक चतुर्थांशावर येते. म्हणून मोठ्या सभागृहासाठी एकोणिसाव्या शतकात ‘लाइमलाइट’ आला : ऑक्सिजन व हायड्रोजनच्या ज्योतीने तापून शुभ्र झळकणारा चुन्याचा खडा. प्रकाश मिळाला, त्याच्यासोबत वायूच्या पिशव्या किंवा नळकांडी आणि स्फोटाची भीतीही आली.

४/ या परंपरेचा एक तेजस्वी अध्याय कल्याणमध्ये घडला. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. मायावी शंबरासुराच्या विद्येवरून हे नाव पडले. हाताने रंगवलेल्या काचपट्ट्या एकाहून अधिक कंदिलांतून झपाट्याने बदलत गेल्या, की पडद्यावरील पात्रे हलल्याचा भास होई. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंचा जाहीर खेळ झाला तो २८ डिसेंबर १८९५ रोजी, म्हणजे त्यानंतर तीन वर्षांनी. मात्र या मायेची किंमत होती नाजूक काचा, अनेक कंदील आणि सरावलेले हात.

५/ ल्युमिएर बंधूंचे मोठे यश सुटसुटीतपणात होते. चित्रीकरण, प्रत काढणे आणि प्रक्षेपण ही तिन्ही कामे करणारी त्यांची पेटी हाताच्या दांड्यावर चाले आणि एका माणसाला उचलता येई. एडिसनच्या कंपनीचा कॅमेरा त्या मानाने अवजड होता आणि विजेवर अवलंबून होता. या हलकेपणामुळेच ७ जुलै १८९६ रोजी, पॅरिसनंतर जेमतेम सहा महिन्यांनी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे दिसली.

६/ याच सुटसुटीतपणाची भीषण बाजू ४ मे १८९७ रोजी पॅरिसने पाहिली. धर्मादाय बाजाराच्या लाकडी मंडपात चित्रपटाचा खेळ ठेवला होता आणि प्रोजेक्टरचा दिवा ईथर व ऑक्सिजनवर चालत होता. दिव्यात ईथर भरताना काडी ओढली गेली आणि भडका उडाला. सव्वाशेच्या आसपास माणसे गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. यंत्र कुठेही नेता येत होते. सुरक्षितता मात्र त्याच्यासोबत येत नव्हती.

७/ पुढचा टप्पा फिल्मचा. आरंभीची नायट्रेट फिल्म अतिज्वालाग्राही होती. १९२२ मध्ये पाथे कंपनीने ९.५ मिमी आणि १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिमी फिल्म आणली, तीही सहज पेट न घेणाऱ्या ॲसिटेटची. चित्रपट घरात व शाळेत शिरला. भारतात सरकारी प्रचार-गाड्यांनी १६ मिमीचे माहितीपट खेड्यांपर्यंत नेले. पण १६ मिमीची चौकट ३५ मिमीच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढीच असल्याने बारकावा आणि तेज दोन्ही घटले. म्हणून जत्रेतल्या तंबूत हजारो डोळ्यांसाठी ३५ मिमीचे धूड, मालमोटार आणि जनरेटर टिकून राहिले.

८/ खिशात मावणाऱ्या प्रोजेक्टरची बीजे दोन शोधांत आहेत. १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची चिप घडवली. १९९० च्या दशकात प्रखर निळा एलईडी साधला. दोहोंच्या वाटेने २००८ च्या सुमारास पहिले खिसा-प्रोजेक्टर बाजारात आले. त्यांचा प्रकाश १० ल्युमेनच्या आसपास होता. सॅमसंगने २०१२ मध्ये १५ ल्युमेनचा प्रोजेक्टर थेट फोनमध्ये बसवला. ती कल्पना मात्र रुजली नाही.

९/ या यंत्राचे गुण खरे आहेत. वायू नाही, फिल्म नाही, फुटणारी काच नाही. एलईडी हजारो तास टिकतो. वीज गेली तरी बॅटरीवर खेळ चालतो. फोनचा पडदा एकट्याचा असतो; भिंतीवरचे चित्र वीस जणांचे होते. वाडीवस्तीवर माहितीपट दाखवू पाहणाऱ्या शिक्षकाला किंवा आरोग्यसेविकेला आता गाडी आणि जनरेटर लागत नाही.

१०/ दोषही तितकेच खरे आहेत. १०० ल्युमेन एक चौरस मीटरवर टाकले, तर १०० लक्स उजेड मिळतो. चार चौरस मीटरवर टाकले, तर अवघा २५. खोलीतला एक दिवाही त्याला झाकोळतो. बॅटरीवर अनेक यंत्रे प्रकाश आणखी कमी करतात आणि लांब चित्रपट संपण्याआधी दम सोडतात. चिमुकल्या पेटीत पंख्याची घरघर जाणवते, आवाज मात्र क्षीण राहतो.

११/ ग्राहकाची फसगत होते ती आकड्यांत. पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून काढलेली सरासरी म्हणजे ‘आन्सी ल्युमेन’. वेष्टनावर पुष्कळदा आतल्या एलईडीचा कच्चा प्रकाश छापलेला असतो आणि तो कितीतरी फुगलेला दिसतो. चित्राच्या स्पष्टतेचेही तसेच : यंत्र कोणता व्हिडिओ स्वीकारते आणि त्याची चिप प्रत्यक्षात किती बिंदू दाखवते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१२/ सव्हॉयच्या फिरस्त्याला आपल्या दिव्याची मर्यादा ठाऊक होती. तो अंधारी खोली आणि जवळ बसणारे प्रेक्षक निवडत असे. खिसा-प्रोजेक्टर घेणाऱ्यानेही आधी तेच मोजावे : खोली किती अंधारी, चित्र केवढे, माणसे किती. साडेतीनशे वर्षांत दिव्याचे वजन उतरले, किंमत उतरली, धोका उतरला. अंधाराची गरज तेवढी उतरलेली नाही.