कागद दिसतो, पण कागद नसतो : टायवेकची फॅशनपासून वॉर्डापर्यंतची गोष्ट

ऑपरेशन थिएटरमध्ये निर्जंतुक केलेली उपकरणं ज्या पाकिटांतून येतात, ती पाकिटं कधी नीट पाहिली आहेत का? एक बाजू पारदर्शक प्लास्टिकची आणि दुसरी पांढऱ्या कागदाची. हा पांढरा 'कागद' पुष्कळदा कागद नसतोच. तो हाताने फाडून पाहा, फाटत नाही. पाण्यात भिजवला तरी लगदा होत नाही. उजेडासमोर धरला की आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे वेडेवाकडे पसरलेले दिसतात. याचं नाव टायवेक. मॅरेथॉनच्या धावपटूंच्या छातीवरचे नंबर, न फाटणारे नकाशे, कुरिअरची पाकिटं आणि करोनाच्या काळात सगळ्यांना माहीत झालेले पांढरे पायघोळ सूट, इतक्या ठिकाणी हा पदार्थ आपल्याला भेटतो.

माझ्या विषयाच्या जरा बाहेरची वाटेल, पण आज या पदार्थाची आणि त्याच्या भाईबंदांची कला आणि फॅशनमधली गोष्ट सांगणार आहे. बाहेरची फक्त वाटेल, कारण ही गोष्ट फिरून फिरून रुग्णाच्या खाटेपाशीच येते.

नळीतून निघालेला पांढरा पिंजारा

१९५५ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत जिम व्हाइट या संशोधकाला एका नळीतून पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा पदार्थ बाहेर येताना दिसला. तो पॉलिइथिलीन होता, म्हणजे ज्याच्या बादल्या आणि दुधाच्या पिशव्या बनतात त्याच घराण्यातला. मग त्यावर काही वर्षं काम झालं. पॉलिइथिलीन एका द्रावकात प्रचंड दाब आणि उष्णता देऊन विरघळवायचं आणि बारीक छिद्रातून एकदम बाहेर सोडायचं. दाब सुटताक्षणी द्रावक उडून जातो आणि मागे अतिशय बारीक तंतूंचं जाळं उरतं. ते पट्ट्यावर पसरून उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलं की झाला टायवेक. त्यात ना डिंक, ना विणकाम. १९६५ साली हे नाव नोंदवलं गेलं आणि १९६७ साली व्यापारी उत्पादन सुरू झालं.

डॉक्टरांना यात रस असण्याचं कारण सोपं आहे. हे तंतू साधारण अर्ध्या ते दहा मायक्रॉन जाडीचे असतात, आणि जीवाणू सुमारे एक मायक्रॉनचा. पुष्कळांना वाटतं की जंतू अडतो तो चाळणीच्या भोकात अडल्यासारखा. तसं नाही. टायवेकमधली वाट सरळ नसते. पुण्याच्या जुन्या पेठेतल्या बोळांत नवखा माणूस तीन वळणांत हरवतो, तसा हवेबरोबर आत शिरलेला कण कुठल्या तरी तंतूला धडकतो आणि तिथेच चिकटतो. वायू मात्र आरपार जातो. म्हणून पाकीट आधी बंद करून मग इथिलीन ऑक्साइडने उपकरण निर्जंतुक करता येतं. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्लाझ्मा यंत्रात तर कागदी पाकीट चालतच नाही, कारण कागद तो वायूच शोषून घेतो. तिथे टायवेक लागतो. उलट १३४ अंशांच्या वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये टायवेक घालू नये, कारण साधारण १३५ अंशांच्या आसपास तो वितळतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कलाकारांकडे गेल्यावर लागणार आहे.

सव्वा डॉलरचा झगा

टायवेक बाजारात येण्याच्या एक वर्ष आधीच अमेरिकेत कागदी कपड्यांचं वेड सुरू झालं होतं. ते टायवेकचे नव्हते, त्याच्या चुलत भावंडांचे होते. १९६६ साली स्कॉट पेपर कंपनीने आपल्या कागदी रुमालांच्या जाहिरातीसाठी एक झगा काढला. किंमत सव्वा डॉलर, आणि सोबत कंपनीचा माल घ्यायला ५२ सेंटचं कूपन. कागदाच्या लगद्याला रेयॉनच्या जाळीचा आधार दिलेलं ते कापड होतं. लोकांनी तो झगा गंमत म्हणून वापरून फेकावा, एवढीच अपेक्षा. पण वर्षभरात सुमारे पाच लाख झगे खपले. कंपनीला कपड्यांच्या धंद्यात शिरायचंच नव्हतं, तिने हात आखडता घेतला. पण दुसरे पुढे सरसावले.

नॉर्थ कॅरोलिनातल्या मार्स मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीने तर कोरा पांढरा झगा आणि सोबत रंगपेटी विकायला काढली. तुमचा झगा तुम्हीच रंगवा! त्याच्या प्रचारासाठी १९६६ साली ब्रुकलिनच्या एका मोठ्या दुकानात अँडी वॉरहॉल आले आणि गायिका निको हिच्या अंगावरच्या कागदी झग्यावर त्यांनी 'फ्रॅजाइल', म्हणजे 'नाजूक माल, जपून हाताळा', असा शिक्का उमटवला. वॉरहॉल यांनी १९६२ साली कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या डब्यांची चित्रं काढली होती. आता कॅम्पबेलने त्याच डब्यांची ओळ छापलेला कागदी झगा काढला. एक डॉलर आणि सुपाची दोन लेबलं पाठवा, झगा घरपोच. कंपनीच्या जाहिरातीवरून चित्र आणि चित्रावरून पुन्हा कंपनीची जाहिरात! १९६८ साली हॅरी गॉर्डन या ग्राफिक डिझायनरने डोळा, गुलाब, मांजर, रॉकेट अशी मोठी छायाचित्रं छापलेले 'पोस्टर ड्रेस' काढले. त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवारांची नावं आणि चेहरे छापलेले झगेही आले.

हे झगे आज संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. पण त्यांतल्या सुपाच्या झग्याच्या लेबलवरची सूचना डॉक्टरच्या नजरेने वाचली तर अंगावर काटा येतो. झगा आगीला दाद देत नाही, पण धुतला तर ती खात्री नाही, असा तिचा आशय. अग्निरोधक रसायन पाण्याने निघून जायचं आणि मागे उरायचा लगदा आणि कापूस. तो पार्टीला घालायचा, तोही घराघरांत सिगारेटी ओढल्या जाण्याच्या काळात. शिवाय तो टोचायचा, बसल्यावर चुरगळायचा, रंग अंगाला लागायचा. १९६८च्या सुमारास हे वेड ओसरलं आणि मला विचाराल तर बरंच झालं.

फॅशन संपली, गाऊन राहिला

वेड ओसरलं तरी न विणलेलं कापड बनवायची यंत्रं आणि विद्या होतीच, आणि त्यांची खरी गरज दुसरीकडे होती. १९५२ साली विल्यम बेक आणि थॉमस कोलेट या दोघांनी दाखवून दिलं होतं की सर्जनचा सुती गाऊन आणि रुग्णावर पसरायची चादर ओली झाली की जंतूंना अडवत नाही. त्यांच्या लेखाचं शीर्षकच खोट्या विश्वासाबद्दल होतं. रक्ताने किंवा सलाइनने भिजलेल्या सुती कापडातून ओलाव्याबरोबर जीवाणू आरपार जातात. तोवर पिढ्यान् पिढ्या सर्जन त्या हिरव्या कापडावर डोळे मिटून भरवसा ठेवत होते. म्हणून न भिजणारं, एकदाच वापरायचं कापड हवं होतं. आज तुमच्या ऑपरेशनला जी निळी चादर, टोपी आणि गाऊन वापरतात, ते सव्वा डॉलरच्या झग्याच्याच कुळातले. टायवेकही १९७०च्या दशकात वैद्यकीय पाकिटांसाठी वापरात आला.

टायवेक फॅशनमध्ये शिरला तो लखोट्याच्या वाटेने. सायप्रसमध्ये जन्मलेले, लंडनचे डिझायनर हुसेन चालायान यांनी १९९०च्या दशकात एअरमेलच्या पाकिटासारखे निळ्या-लाल कडांचे कपडे बनवले. घडी घातली की पाकीट, उलगडलं की कपडा. वर मजकूर लिहा, तिकीट लावा आणि पोस्टात टाका. गायिका ब्योर्क हिच्या १९९५च्या 'पोस्ट' या अल्बमच्या मुखपृष्ठावर तिने घातलेलं जाकीट हेच. चालायान यांच्या बऱ्याच कामात घर सोडावं लागणं, स्थलांतर हा विषय येतो. आईपासून दूर असलेल्या मुलीने स्वतःच्या अंगावरचा कपडाच पत्र म्हणून पाठवावा, असा त्याचा अर्थ मी लावतो. साठच्या दशकातला झगा फेकण्यासाठी होता. हा टिकण्यासाठी, हातोहात जाण्यासाठी. कापडासारखा अंगावर बसतो आणि कागदासारखी शाई धरतो, हा टायवेकचा दुहेरी गुण इथे कामी आला.

कापडकला करणाऱ्या मंडळींनी त्याचा तिसरा गुण शोधला, तो म्हणजे वितळणं. रंगवलेला टायवेक दोन बेकिंग पेपरच्या मध्ये ठेवून वरून इस्त्री फिरवली की तो आकसतो, त्यावर फुगे येतात, भोकं पडतात. जुन्या झाडाची साल, गंजलेला पत्रा, प्रवाळ असे पोत त्यातून तयार होतात आणि मग त्यावर भरतकाम करतात. घरी कुणी हे करणार असेल तर डॉक्टर म्हणून दोन शब्द. सुती कपड्यांच्या इस्त्रीचं तापमान १३५ अंशांच्या बरंच वर जातं, म्हणून इस्त्री मंद ठेवा. खिडक्या उघड्या हव्यात; हे प्लास्टिक आहे, जळू लागलं तर त्याचा धूर फुप्फुसात जातो. दम्याच्या रुग्णांनी आणि लहान मुलांनी जवळ थांबू नये. गरम टायवेक कातडीला चिकटला तर ओढून काढू नका, वाहत्या गार पाण्याखाली हात धरा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि वापरलेला पीपीई सूट कलाकुसरीसाठी घरी आणणं तर अजिबात नको. कोरं पाकीट घ्या.

चेहरा नसलेला डॉक्टर

आता ज्या कामासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ पसरली. तिथल्या उपचार केंद्रांत काम करणारे लोक टायवेक किंवा त्याच जातीच्या लेप दिलेल्या कापडाच्या सूटमध्ये डोक्यापासून पायांपर्यंत बंद असत. त्या उकाड्यात साधारण तासभरच आत थांबता येई. रुग्णाला दिसायचा तो चष्म्याआडचा डोळा, आणि तोही घामाने धुरकटलेला. आई-बाप, भाऊ-बहीण कुणी जवळ नाही, मरण समोर, आणि हाताला स्पर्श करणारा माणूस कोण हेही कळत नाही. कर्मचारी एकमेकांना ओळखता यावं म्हणून मार्करने सूटवर नाव आणि आत शिरल्याची वेळ लिहीत. पण ते एकमेकांसाठी होतं, रुग्णासाठी नव्हे.

लॉस एंजलिसच्या कलाकार मेरी बेथ हेफर्नन यांनी ही छायाचित्रं पाहिली आणि त्यांना एक साधी गोष्ट सुचली. २०१५ साली त्या कॅमेरा, प्रिंटर आणि चिकटणारा कागद घेऊन लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया इथे गेल्या. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांचे हसरे फोटो काढले, मोठ्या स्टिकरवर छापले आणि सूटच्या छातीवर लावले. प्रत्येक पाळीला नवा सूट म्हणून प्रत्येक पाळीला नवं स्टिकर; त्यामुळे एका माणसाचे पुष्कळ छापायचे. सूटमधला माणूस रुग्णाला चेहऱ्याने कळू लागला आणि शेजारच्या सहकाऱ्यालाही. २०२०मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी ही पद्धत पुन्हा सुरू केली.

कोऱ्या झग्यासोबत रंगपेटी विकणाऱ्या कंपनीने आणि कपड्यावर पत्ता लिहिणाऱ्या चालायान यांनी जे ओळखलं, तेच हेफर्नन यांनी ओळखलं. आम्ही डॉक्टर मात्र या पांढऱ्या पृष्ठभागाकडे फक्त जंतूंची भिंत म्हणून पाहत होतो.

भारतात २०२०च्या सुरुवातीला असे सूट पुरेसे नव्हते; मे महिन्यापर्यंत ते रोज लाखोंच्या संख्येने बनू लागले. आपले बहुतेक सूट टायवेकचे नसून पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडावर प्लास्टिकचा पातळ थर दिलेले होते, आणि कोइंबतूरच्या सिट्रा संस्थेत कृत्रिम रक्त दाबाने सोडून ते गळतात का हे तपासलं जाई. टायवेकमधून वाफ थोडीफार तरी बाहेर पडते. या थराच्या सूटमध्ये एप्रिल-मेच्या उन्हात काय होत असेल याची कल्पना करा. इथेही पाठीवर आणि छातीवर मार्करने नावं लिहिली गेली. पण करोनाच्या वॉर्डातल्या आजोबांना 'डॉ. एस. पी.' अशा इंग्रजी अक्षरांचा काय उपयोग? चष्मा घरी राहिलेला आणि नाकाला ऑक्सिजन.

पुन्हा अशी वेळ आली तर विलगीकरण वॉर्ड चालवणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. टीबीचा औषधांना न जुमानणारा प्रकार किंवा निपाह असलेल्या रुग्णासाठी ती आजही लागू आहे. साध्या स्टिकर कागदावर वहीच्या पानाएवढा रंगीत फोटो, खाली मराठीत मोठ्या अक्षरांत नाव आणि काम : 'सुनीता, सिस्टर'. सूट पूर्ण चढवून झाल्यावर सोबत्याने तो छातीवर लावायचा. चेनवर किंवा शिवणीवर नको, आणि सूट उतरवताना तो सोलून काढायचा नाही, सूटबरोबरच जाऊ द्यायचा. आणि कचऱ्याचं म्हणाल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या करोना काळातल्या सूचनांनुसार प्लास्टिकचा सूट लाल पिशवीत जातो. पिवळी पिशवी प्लास्टिक नसलेल्या किंवा अर्धवट प्लास्टिकच्या सूटसाठी. टायवेक दिसायला कागद असला तरी जायचा लाल पिशवीतच.